ऑल्डमची जर्सी

शारजा,
२१ नोव्हेंबर १९९८

सौ. रंभाताईस नमस्कार.

जर्सी तिसऱ्यांदा साबणात टाकून लिहायला बसलो आहे. लाल पट्ट्यांवर काही दिसत नाही. पांढऱ्यांवरचं निघत नाही.

इकडे सर्व ठीक, असं लिहून खोडलं. भावोजी हॉस्पिटलमध्ये आहेत. जिवाला धोका नाही. हाताला लागलं आहे.

आमचा मॅनेजर होल्ट इंग्लंडमधल्या ऑल्डमचा. तिथली एक गिरणी बंद झाली, तिची मशीनं इथे शारजाच्या हमरिया बंदराकडच्या कारखान्यात आली, मागोमाग तो आला. वडील गावच्या रग्बी संघातून खेळले, हे त्याने प्रत्येकाला दोनदा तरी सांगितलं आहे. दर शुक्रवारी तो कामगारांना त्या संघाच्या जर्सी घालून वाळूत पळवतो. भावोजी हसायचे. "दत्ता, ह्यो चेंडू की नारळ रे?" संघ हरला की होल्ट केबिनमध्ये रडतो. मी पाहिलं आहे. तेव्हा मला तो बरा माणूस वाटला होता.

काल सुटी असूनही कापूस पिंजायचं मशीन चालू होतं. काम लवकर उरकावं म्हणून पुढची जाळी काढलेली. भावोजींची तीन बोटं गेली. उजव्या हाताची.

होल्ट आला. त्याने हाताकडे पाहिलं नाही. मला म्हणाला, "जर्सी घाल त्याला. खेळताना लागलं, असं लिही. यल्ला, लवकर." कामावर लागलं तर कंपनी जबाबदार. खेळताना लागलं तर पट्टी बांधून विमानात बसवायचं.

ताई, जर्सी मी घातली. हात बाहीतून जाईना, तो मी ओढला. भावोजी ओरडले नाहीत. "सावकाश रे," एवढंच म्हणाले. मग रिपोर्ट लिहिला. चांगल्या इंग्रजीत. होल्टने पाठ थोपटली. म्हणाला, "जर्सी धुऊन परत आण. माझ्या गावची आहे."

त्याची किळस येते म्हणावं, तर जर्सी माझ्या बादलीत आहे.

उद्या पोलीस जबाब घ्यायला येणार. भावोजींना हिंदी धड येत नाही. त्यांच्या वतीने मीच बोलणार आहे.

भाऊ म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

दत्तप्रसाद

ता. क. २२ तारीख, सकाळ. पोलिसाने विचारलं, "खेलते हुए लगा?" भावोजी माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "नहीं. मशीन में. रिपोर्ट झूठी है, मैंने लिखी है." ओली जर्सी त्याच्यासमोर ठेवली. नऊ वाजता कंपनीच्या गेटवर माझा पास काढून घेतला.