एक्स-रेची पट्टी

बोरगाव मेघे, वर्धा
बुधवार, ११ ऑक्टोबर २००६

प्रिय रुचू,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे जसं होतं तसंच आहे. फोन बैठकीत, बाबांच्या खुर्चीला लागून. त्यांच्याबद्दल त्यांच्याच समोर काय बोलणार? म्हणून तू विचारत जातेस आणि मी नुसतं हो, हो करते. रविवारी तू गाडी घेऊन येणार, बाबांना नागपूरच्या त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवायचं, यालाही मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं बरं. थकले गं मी. आयुष्यभर शाळेत पोरांचं शुद्धलेखन तपासलं, आता माझ्याच ओळी वाकड्या चालल्यात, तेवढं चालवून घे.

गेल्या दिवाळीनंतर आली नाहीस, त्यामुळे तुला आताचं माहीत नाही. बाबा दिसेल त्या खोलीत शिरतात, आतून कडी लावतात आणि मग ती उघडायची कशी हेच विसरतात. कुलूपवाला म्हणून अर्ध्या वर्ध्याची अडकलेली दारं उघडली या माणसानं! आतून हाका मारतात, घाबरतात, दारावर थापा देतात. मग मी त्यांचीच हत्यारांची थैली घेऊन बाहेर बसते. मागच्या खोलीला खटक्याचं लॅच आहे, ते मला येतं आता. न्हाणीची आडवी कडी फार छळते. फटीतून पातं घालून ती तसूतसूनं सरकवावी लागते, आणि आतून हे ती पुन्हा लावतात. परवा मी अक्षरशः रडले. सगळ्या कड्या काढून टाक म्हणून तू म्हणालीस. एक काढली होती. दिवसभर त्या रिकाम्या भोकांवर बोट फिरवत उभे होते, जेवलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी पुन्हा बसवली. आणि माझं म्हणशील तर मी स्वतः दार लावून आंघोळ करून किती दिवस झाले, आठवत नाही. मी आत गेले की हे सरळ रस्त्यावर.

ती थैली आठवते ना तुला? दात घासून गुळगुळीत केलेलं करवतीचं पातं, सायकलच्या स्पोकचा आकडा, तारा, जाम कुलपात घालायला पेन्सिलच्या शिशाची पूड, आणि तुझ्या एक्स-रेची पट्टी. नाचणगावला मामाच्या जांबाच्या झाडावरून पडलीस, हात मोडला. प्लास्टर निघाल्यावर बाबांनी तो एक्स-रे कात्रीनं कापला, कारण दाराच्या फटीत तसं लवचीक दुसरं काही जात नाही. माझं हाड कापलं म्हणून तू केवढा गोंधळ घातलास! बाबा म्हणाले, "अवो, तुह्या हातानंच दारं उघडतो ना मी, सोबत येत जाय." मग तू खरंच जायला लागलीस त्यांच्याबरोबर, सायकलच्या दांडीवर बसून.

एक गोष्ट तू तेव्हा मला येऊन सांगायचीस. दार उघडलं की बाबा आत बघत नाहीत. लगेच पाठ फिरवतात, थैली आवरतात आणि घरच्या बाईला म्हणतात, आधी तुम्ही आत जा, सारं जागच्या जागी आहे का ते पाहून घ्या. एकदा भैयाजी वकिलांच्या घरी तू आत डोकावलीस, तर बाबांनी तुझी मान धरून वळवली होती. दार उघडणं आपलं काम, घर पाहणं नाही, असं म्हणायचे.

आज सकाळी मी त्यांची बॅग भरायला घेतली. चार धोतरं, स्वेटर, तो निळा मफलर. तू सांगितलंस तशी हत्यारांची थैली भंगारवाल्याला द्यायला बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. आणि बाई, मला काय झालं कोण जाणे, मी मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून दिलं. खटका बसला. किती बरं वाटलं सांगू! पलंगावर आडवी झाले. बाबा आले, त्यांनी दार ढकललं, मला हाक मारली. मी ओ दिली नाही. मग त्यांची पावलं ओट्याकडे गेली. आता रस्त्यावर जातील, ट्रकखाली येतील, असं मनात आलं, तरी मी पडूनच राहिले. जाऊ दे, गेले तर गेले, असं मी म्हटलं. तोंडानं म्हटलं, रुचू. तुझ्यापासून काय लपवायचं?

तेवढ्यात दाराशी खर्र खर्र झालं. फटीतून काळी पट्टी आत आली. उजेड मागून होता, त्यामुळे तुझ्या बोटांची हाडं दिसली, पांढरी, बारीक बारीक. पट्टी थोडी वाकली, खाली सरकली, आणि खटका उघडला. मला इतका वेळ लागतो, त्यांना लागला नाही.

दार उघडलं आणि बाबांनी पाठ फिरवली. अंगणाकडे तोंड करून थैली आवरायला लागले. म्हणाले, "बाई, आत जाऊन पायून घ्या, सारं जागच्या जागी हाये का." मी तर आतच होते. तरी उठून बसले आणि पाहिलं. त्यांची भरलेली बॅग, तुझ्या लग्नातला फोटो, खुंटीवर त्यांचा सदरा. म्हटलं, हो, आहे सारं.

मग मी चहा केला. परक्या घरी बसावं तसे ओट्याच्या कडेला बसून प्यायले. जाता जाता म्हणाले, "लॅच ढिलं झालं हाये बाई. तुमच्या घरवाल्याले सांगजा, बसवून देईन तो." हसू की रडू, कळेना. सांगते म्हटलं.

तर रविवारी तू ये, पण बॅग न्यायला नको येऊ. संस्थेला नाही म्हणून कळव, पुढचं पुढं पाहू. बाबा बरे झाले असं नाही. दुपारी पुन्हा न्हाणीत अडकले होते, आणि मी कोण तेही त्यांना आज ठाऊक नाही. मला माझ्या हो-ची लाज वाटत नाही, पण आता ते हो माझ्याच्यानं निभणार नाही. रजा काढून आठ दिवस राहा. थैली मी ओट्यावरून उचलून आणली आहे. बाबा कुठे अडकले तर पट्टी कशी धरायची ते तुला त्यांनीच लहानपणी दाखवलंय, हाताला आठवेल. तू बाहेर बाबांजवळ बस. मला आतून कडी लावून झोपायचं आहे.

तुझीच थकलेली,
आई