बिनदोऱ्याची शिवण

प्रिय ताई,

उन्हाळा नुकता कुठे लागला होता. मंगळवारी दुपारी आभाळातून वादळाची काळी सोंड उतरली आणि पाच मिनिटांत गाव विंचरून गेली. दूधवाल्याचा गोठा गेला, शाळेचे पत्रे गेले, माझं छप्पर गेलं. मी आईच्या शिलाई मशीनखाली शिरले म्हणून धडधाकट आहे. ज्याच्यावरून आपलं वाजलं, तेच मशीन.

माळ्यावरची पेटीही उडाली. तिच्यात तुला लिहिलेली आणि कधीच न टाकलेली अकरा वर्षांची पत्रं होती. आता लोक ती शेतांतून वेचून आणून देतात. प्रत्येक जण शपथेवर सांगतो, "वाचलं नाही हो." आणि चहा पिता पिता विचारतो, "ताईंचा गुडघा बरा आहे का आता?" सगळ्या पंचक्रोशीनं वाचलं, राहिलीस ती तू एकटी.

एकच पत्र सापडत नाही. सांगण्यासारखं काय ते त्यातच होतं, म्हणून पुन्हा लिहिते. त्या दिवशी तू बॅग घेऊन दारात उभी होतीस आणि मी मान वर न करता मशीन चालवत राहिले. तुला वाटलं असेल, हिला शिवणकामापुढे बहीणही दिसत नाही. ताई, सुईत दोरा नव्हता. तू वळणाआड जाईपर्यंत मी कापड नुसतंच पुढे सरकवत होते.

हे पत्रही पेटीतच ठेवणार. माझा स्वभाव काही वाऱ्यानं उडाला नाही. पेटी ओढ्याकाठी सापडली, झाकण मात्र तुटलंय. सुतार दोनदा विचारून गेला. मी म्हटलं, राहू दे तसंच.

तुझीच,
धाकटी