दुसऱ्या तपासनीसाच्या जागी बेला घोन्साल्विस यांचे नाव कायम ठेवण्याबाबत

दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. माहिती व्यवस्थापन अधिकारी,
दीपसेतू सामायिक डायलिसिस नोंदणी योजना,
वसई, जि. पालघर

अर्जदार : आलोशियस पास्कल तुस्कानो, वय ५६, राहणार नंदाखाल, योजनेच्या मनवेलपाडा, विरार पूर्व येथील तांत्रिक कार्यालयात कार्यरत

विषय : संगणक प्रणालीच्या बांधणीतील बदल मागे न घेणेबाबत व दुसऱ्या तपासनीसाचे नाव कायम ठेवणेबाबत

संदर्भ : आपले खुलासा मागणारे पत्र, दि. ४ नोव्हेंबर २०२५

महोदय,

"तांत्रिक पात्रता नसलेल्या रुग्णाच्या संमतीने बांधणीत बदल कसा करण्यात आला?" असा प्रश्न आपण संदर्भीय पत्रात विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले असते, परंतु ते वाक्य वाचून आपण पुन्हा पत्र पाठवले असते, म्हणून अर्जदार घडले तसे सर्व सांगत आहे.

आपल्या पाचही केंद्रांतील पडद्यांवर रुग्णांना जी मराठी वाक्ये दिसतात, ती 'जावा' या संगणकभाषेतील मूळ कार्यक्रमात लिहिलेली नसतात. ती 'रिसोर्सेस' नावाच्या वेगळ्या फोल्डरमधील फायलींत असतात. नवी आवृत्ती बांधताना बांधणीचे यंत्र या फायली उचलून कार्यक्रमाबरोबर एका गठ्ठ्यात ठेवते आणि ठेवता ठेवता त्यांत आवृत्तीचा क्रमांक भरते. हे काम नऊ वर्षे बिनबोभाट चालले. ऑगस्टमध्ये बांधणीचे यंत्र बदलले. फायलींतील अक्षरे कोणत्या पद्धतीची आहेत, हे आपल्या बांधणीच्या सूचनांत कोठेच लिहिलेले नव्हते. जुने यंत्र ते गृहीत धरत असे. नव्या यंत्राने इंग्रजी तेवढे गृहीत धरले. परिणामी क्रमांक भरण्यासाठी फाईल उघडून परत लिहिताना प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटले.

ती आवृत्ती सोमवार, दि. ६ ऑक्टोबर रोजी केंद्रांवर बसली. त्याच सकाळी वसई केंद्राच्या परिचारिका श्रीमती सुहासिनी यांचा फोन आला. "सर, पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं आलीत," त्या म्हणाल्या. अर्जदाराने स्वतःच्या संगणकावर मूळ फाईल उघडून पाहिली. अक्षरे स्वच्छ होती. "माझ्याकडे तर नीट दिसतंय," असे उत्तर देऊन त्याने तक्रार बंद केली.

हे उत्तर अर्जदाराने दिले, याची नोंद आपल्या पत्रात नाही. ती असावी, म्हणून येथे लिहिले आहे. खोलीत दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, अरे, तुझ्याकडचं काय बघतोस, त्यांच्याकडचं बघ. येथील दुसरे तपासनीस श्री. क्लिफर्ड नक्की म्हणाले असते. ते ३० एप्रिल रोजी निवृत्त होऊन मुलीकडे मेलबर्नला गेले. तेव्हापासून सात टेबलांच्या त्या कार्यालयात अर्जदार एकटा बसतो. रिकाम्या टेबलांवर धूळ बसू नये म्हणून तो सोमवारी सातही पुसतो, हे कामाच्या यादीत नाही.

बुधवार, दि. ८ रोजी सांडोरच्या श्रीमती बेला घोन्साल्विस, वय ६३, नेहमीप्रमाणे सकाळी केंद्रावर आल्या. त्यांचे यंत्र एक तास उशिरा मोकळे होणार होते. "कृपया थांबा, आपली पाळी एक तास उशिरा आहे" असे पडद्यावर यायला हवे होते. तेथे त्यांच्या क्रमांकापुढे प्रश्नचिन्हांची रांग आली. परिचारिका आत दुसऱ्या रुग्णापाशी होत्या. बेलाबाईंनी वीस मिनिटे त्या रांगेकडे पाहिले, आज आपले नाव नाही असे समजून रिक्षा केली आणि घरी गेल्या. केंद्राने शोध घेतला तेव्हा नोंदणीतला फोन कुवेतला असलेल्या त्यांच्या मुलीचा, जीनाचा, निघाला. तो लागेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता आणि बेलाबाईंना श्वास लागला होता. त्यांना दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले.

जुनी आवृत्ती नव्या यंत्रणेवर चालत नाही. म्हणून दि. ९ पासून सर्व केंद्रांवर हाताने लिहिलेले कागद लावण्यात आले. दोष अर्जदाराला त्याच दुपारी सापडला. दुरुस्ती तीन ओळींची होती : अक्षरांची पद्धत स्पष्ट लिहिणे आणि संदेशांच्या फायली क्रमांक भरण्याच्या कामातून वगळणे. परंतु परिपत्रक क्र. १७ प्रमाणे दुसऱ्या तपासनीसाच्या संमतीशिवाय बांधणीतील एक स्वल्पविरामही बदलता येत नाही. श्री. क्लिफर्ड यांचे नाव मे महिन्यातच काढण्यात आले होते. त्यांच्या जागी माणूस मिळावा म्हणून अर्जदाराने आपणास तीन पत्रे पाठवली आहेत. तिन्हींना "प्रस्ताव विचाराधीन" असे उत्तर आहे. तिसऱ्या पत्रात तर त्याने जावा येत नसले तरी चालेल, मराठी वाचता येणारा व दिवसातून तासभर शेजारी बसणारा कोणीही द्यावा, असे लिहिले होते. अर्जदाराने मेलबर्नला फोनही केला. श्री. क्लिफर्ड म्हणाले, "तू लिहिलं असशील तर बरोबरच असणार रे." प्रणालीत ही संमती धरली जात नाही.

रविवार, दि. १२ रोजी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर अर्जदार सांडोरला गेला. क्षमा मागण्यासाठी गेला होता. बेलाबाई केळीच्या वाडीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. चूक कशी झाली ते त्याने सांगितले, सोमवारचा फोनही सांगितला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

"तुमच्या ऑफिसात आणखी कोण असतं?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही."

"मग तुमची चूक तुम्हाला सांगायची कोणी?"

अर्जदाराने तेव्हा परिपत्रकाची अडचण सांगितली. सांगता सांगता त्यालाच कलम चार आठवले. त्यात दुसरा तपासनीस म्हणजे "योजनेत नोंद असलेली अन्य व्यक्ती" एवढेच म्हटले आहे. पात्रतेचा उल्लेख नाही. बेलाबाईंची नोंद सहा वर्षांपासून आहे. त्या सातवीपर्यंत शिकल्या असून चर्चमध्ये वाचन करतात. "गुरुवारी माझं डायलिसिस नसतं. येते मी. चष्मा आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

दि. १६ रोजी अकरा वाजता त्या मनवेलपाड्याच्या कार्यालयात आल्या. अर्जदाराने साडेपाच महिन्यांत प्रथमच दोन चहा सांगितले. चाचणीची बांधणी केली, तयार गठ्ठा उघडला आणि केंद्रावर दिसतील तशी सर्व २१४ वाक्ये बेलाबाईंनी मोठ्याने वाचली. अर्जदार मूळ फाईल समोर धरून ऐकत होता. एकही अक्षर बिघडले नव्हते. सत्त्याऐंशीव्या वाक्यावर त्या थांबल्या. वाक्य होते, "आपली पाळी संपली आहे."

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. नऊ वर्षांपूर्वी."

"आठवड्यातून तीनदा मशीनवरून उठताना हे वाचते मी. प्रत्येक वेळी वाटतं, कायमचीच संपली. शेजारच्या मशीनवरचे फरगोज काका तर डोळे मिटून घ्यायचे."

त्या वाक्यात तांत्रिक दोष नव्हता. ते क्लिफर्डनी तपासले होते, अर्जदाराने तपासले होते, आणि यंत्राने शेकडो वेळा बिनचूक उचलून ठेवले होते. आता तेथे "आजचे उपचार पूर्ण झाले. थोडे बसून मग निघा" असे आहे. त्यानंतर बेलाबाईंनी दुसऱ्या तपासनीसाच्या जागी स्वतःचा नोंदणी क्रमांक टाकून संमती दिली. प्रणालीने ती स्वीकारली. शुक्रवारी, दि. १७ रोजी पाचही केंद्रांवर मराठी परत आली आणि हाताने लिहिलेले कागद काढण्यात आले. श्रीमती सुहासिनी यांचे तसे लेखी निवेदन सोबत जोडले आहे.

हाच अर्जदाराचा खुलासा. तो मान्य करून श्रीमती घोन्साल्विस यांचे नाव कायम ठेवावे, ही विनंती. नियमात बसत नसल्यास कारवाई अर्जदारावर करावी व ती त्याला मान्य राहील. मात्र त्या तीन ओळी आणि सत्त्याऐंशीवे वाक्य मागे घेऊ नये.

प्रत्यक्ष चौकशी करावयाची असल्यास आपण कार्यालयात अवश्य यावे. बेलाबाई गुरुवारी अकरा ते एक असतात. इतर कोणत्याही दिवशी आलात तरी चालेल. अर्जदार एकटाच असतो.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
आलोशियस पास्कल तुस्कानो
मनवेलपाडा, विरार पूर्व