टाकीच्या झाकणाला झबलं

आदरणीय व्याहीबुवा यांना,

वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. (फार वाकता येत नाही. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावल्यामुळे पाठ एका कोनात येऊन थांबली आहे. भावना मात्र साष्टांगाची समजावी.) आपली तब्येत कशी आहे? वरची कवळी बसली का? बोलताना अजून खाली येत असेल तर बोलणं कमी करा, कवळीला दोष देऊ नका. ती मी स्वतः बनवली आहे. आमच्या विहीणबाईंना नमस्कार सांगा. इकडे आम्ही सर्व जिवंत आहोत. एरवी मी 'सुखरूप आहोत' असं लिहिलं असतं, पण गेल्या रविवारपासून मी शब्द जपून वापरतो. हे पत्र उभ्याने वाचू नका. खुर्चीत बसा, हातातला कप खाली ठेवा, आणि मग पुढे या.

लग्न ठरवताना आपण म्हणाला होतात, "मुलाला कसलं म्हणून व्यसन नाही, हात मात्र कायम कशात तरी गुंतलेले." मी ते कौतुक समजलो. कशात गुंतलेले, हे विचारायची बुद्धी झाली नाही. व्याहीबुवा, ते हात विमानात गुंतलेले आहेत. शोभेच्या नव्हे, खऱ्या. दोन माणसं खेटून बसतील एवढं, पंखांना कापड ताणून चिकटवलेलं, आणि नाकाशी जुन्या स्कूटरच्या कुळातलं टू-स्ट्रोक इंजिन. आपल्या चिरंजीवांनी ते गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलं आहे. मला इतके दिवस सांगण्यात येत होतं की ते तिथे एक जुनं कपाट दुरुस्त करतात. कपाटाला एवढा काळ लागतो का, असं मी हिला विचारलंही होतं. ही म्हणाली, "मोठं कपाट असेल."

मला कळलं ते घरातल्याच दवाखान्यात, आणि तेही पेशंटकडून. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक खुर्चीत आ वासून बसले होते. (शिस्तीचा माणूस. आ करा म्हटलं की बंद करायला सांगेपर्यंत करत नाही.) दिवा लावला, भूल दिली, ट्रेकडे हात नेला, तर ट्रेमध्ये माझ्या हत्यारांच्या मधोमध मुठीएवढा एक काळाकुट्ट, तेलकट लोखंडी गोळा. मुख्याध्यापकांनी तो बघितला, आणि अर्ध्या बधिर जिभेने विचारलं, "हे माझ्या तोंडातून निघालं?" मला तरी काय माहीत! मी त्यांचे दात मोजले. तेवढ्यात जावईबापू टॉवेलला हात पुसत आत आले आणि म्हणाले, "सॉरी बाबा, पिस्टन इथे राहिला."

संध्याकाळी मी त्यांना समोर बसवलं. तेव्हा पहिला धक्का बसला, विमानाचा. दुसरा धक्का असा की माझा सर्वांत चांगला स्केलर, जो मी दाढेच्या मागच्या बाजूसाठी राखून ठेवतो, तो या माणसाने पिस्टनची काजळी खरवडायला वापरला होता. टू-स्ट्रोकला म्हणे ऑईल पेट्रोलमध्येच मिसळून पाजावं लागतं, ते जळलं की पिस्टनवर काजळीचा थर बसतो, रिंगा खाचेत चिकटतात आणि वेळेवर साफ केलं नाही तर इंजिन चालता चालता आवळून बंद पडतं. म्हणजे दातांवरचं टार्टरच की हो! मी चांगला खडसावणार होतो, पण जावईबापूंची स्केलर धरायची पद्धत बघून मला राहवेना. कुदळ धरल्यासारखा धरला होता. असं केलं तर हिरडी फाटेल, म्हणजे खाच झिजेल, असं सांगून मी तो हातातून घेतला, आणि... असो. पिस्टन लख्ख झाला. तसा पिस्टन त्या इंजिनाने जन्मात पाहिला नसेल. पण यावरून मी त्या प्रकरणात सामील होतो असा अर्थ आपण काढू नये. डॉक्टर गुन्हेगाराच्याही जखमेला टाके घालतो.

मग सुधारणा सुरू झाल्या. आपल्या चिरंजीवांचा स्वभाव आपल्याला माहीतच आहे. चालू असलेली वस्तू त्यांना बघवत नाही. विमान धावपट्टीवरून जडपणे उठतं, म्हणून वजन कमी करायचं ठरलं. सीटचा स्पंज गेला. दाराची कडी गेली, दोरी आली. ब्रेक काढले. (मी विचारलं, "ब्रेक?" ते म्हणाले, "गवतावर आपोआप थांबतं." मला वाटलं, यांच्या शास्त्रात असेल तसं.) पेट्रोलची टाकी बदलून मोठी बसवली. सीट पुढे सरकवली, पायाखालचे पेडल जवळ आणले. जावईबापू सहा फूट उंच. मी म्हटलं, "अहो, मग गुडघे कुठे ठेवणार? कानाशी?" त्यावर त्यांना खोकला आला. तो खोकला मी त्याच वेळी नीट तपासायला हवा होता.

गेल्या रविवारी मी शेडसमोरच्या मैदानावर गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, उलट जेवण झाल्यावर ही तीनतीनदा म्हणाली, "जरा पडा ना तुम्ही." पण मी साफ केलेला पिस्टन चालतो कसा, हे बघायची इच्छा होती. आपण बसवलेला दात जेवताना कसा चावतो ते कोणत्या डॉक्टरला बघावंसं वाटत नाही? मी पोचलो तेव्हा विमान मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला थरथरत उभं होतं. हेल्मेट घातलेली आकृती आत दिसली. मी हात हलवला. आकृती जरा दचकल्यासारखी वाटली, पण विमान सुटलं, दहा स्कूटरी एकदम भांडायला उठाव्यात तसा आवाज करत माझ्यासमोरून गेलं आणि चक्क वर उठलं. व्याहीबुवा, खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला. मी मोठ्याने म्हणालो, "शाब्बास जावईबापू!"

"बाबा, चहा," मागून जावईबापू म्हणाले.

मी वळून बघितलं. हातात दोन कप घेऊन आपले चिरंजीव माझ्या मागे उभे. मी वर बघितलं. विमान वर होतं. पुन्हा मागे बघितलं.

"तुम्ही इथे?"

"हो."

"मग वर कोण आहे?"

त्यांनी कपात बघितलं. "तुमच्यात साखर घातलेली नाही, बाबा."

वर आमची ढमी होती. (लहानपणी गुबगुबीत होती म्हणून हे नाव, आता पन्नास किलोही भरत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) आमची एकुलती एक मुलगी, आपली सून, जी दर रविवारी दुपारी पोहायला जाते असं मला सांगत होती आणि जिचे केस परत येताना कधीच ओले नसायचे! दुसऱ्यांच्या दातांतली सुईच्या अग्राएवढी कीड मला दिसते, आणि घरातले कोरडे केस दिसले नाहीत. आपले चिरंजीव स्टुलावर चढले तरी भिंत धरतात, ही गोष्ट आपण लग्नाआधी सांगितली नव्हती. ते जन्मात एकदाही त्या विमानातून वर गेलेले नाहीत. बांधायचं त्यांनी, उडवायचं तिने, असं दोघांचं पहिल्यापासून ठरलेलं. ती रीतसर शिकली आहे, परवानाही आहे, आणि परवान्यावरच्या फोटोत हसताना तिचे पुढचे दात फार चांगले आले आहेत (तार मीच लावली होती).

लोकांची दातखीळ उघडणं हा माझा धंदा. त्या दिवशी माझीच बसली. आणि अशा अवस्थेत मी वर बघत असताना आवाज थांबला.

ते थांबणं कसं सांगावं मला कळत नाही. आधी एक आचका, मग दुसरा, मग काहीच नाही. दहा स्कूटरी गेल्या आणि नुसता वारा राहिला. जावईबापूंच्या हातातले दोन्ही कप खाली पडले. मी त्यांचा हात धरला. दाढ काढताना पेशंट खुर्चीचा दांडा धरतात ना, तसा.

"आता?" मी विचारलं.

"आता ती खाली येईल."

"कशी?"

"तरंगत," ते म्हणाले, आणि आपला मुलगा, व्याहीबुवा, लहान पोरासारखा रडायला लागला. तेव्हा मला कळलं की हा माणूस दर रविवारी इथे गवतावर उभा राहून काय सोसत असेल. मी त्यांना रागावणार होतो ते राहूनच गेलं.

विमान एका मोठ्या वळणाने खाली आलं, पण आमच्या मैदानापर्यंत पोचेना. शेजारी फुटबॉलचं मैदान आहे. मॅच चालू होती. ढमीने ते विमान कुंपणावरून असं अलगद आणून गवतावर टेकवलं की मला कापसाच्या बोळ्याची आठवण झाली. इथपर्यंत सगळं ठीक. पण टेकल्यावर ते थांबेना, कारण ब्रेक आमच्या शेडमधल्या फळीवर होते. खेळाडू दोन्ही बाजूंना पांगले. गोलकीपरने सूर मारला, उलट्या दिशेला. विमान गोलमध्ये गेलं, जाळीत गुरफटलं आणि नाकावरच्या पंख्याचा तुकडा मोडून थांबलं. रेफ्रीने शिट्टी वाजवली. (गोल दिला नाही, पण त्यावर वाद झाला म्हणे.)

मी धावलो, मागून जावईबापू. या पाठीने, या वयात, कुंपण ओलांडून. ढमी जाळी बाजूला करत बाहेर येत होती. मी आधी तिची हनुवटी धरली आणि म्हणालो, "आ कर." दात सगळे जागेवर होते. मगच मला तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धैर्य झालं. ती पांढरीफटक पडली होती, पण म्हणाली, "बाबा, मला सोडा. टाकी बघू द्या."

आता ऐका. टाकीच्या झाकणाला टाचणीएवढं छिद्र असतं. पेट्रोल खाली गेलं की त्या वाटेने हवा आत येते. हवा नाही आली तर पेट्रोल टाकीतच अडून बसतं. ढमीने हात घातला आणि झाकणावरून एक वस्तू ओढून काढली. तिने झाकण उघडताच टाकीने असा श्वास घेतला की आम्ही तिघे मागे सरलो. ती वस्तू म्हणजे एक छोटंसं झबलं होतं. रेक्झिनचं, आतून अस्तर, कडेला इलॅस्टिक, आणि सगळीकडून बारीक, एकसारखी दुहेरी टीप. ती टीप मी रोज अंगावर घालतो. माझ्या सगळ्या ॲप्रनना तीच आहे.

घरी आल्यावर हिच्यासमोर ते झबलं ठेवलं. हिने एकदा माझ्याकडे आणि एकदा ढमीकडे बघितलं आणि मटकन बसली. मग म्हणाली, "नवीन टाकी, पावसाचं पाणी जाईल म्हणून शिवलं मी. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता." दिला! पंखांचं कापडही हिनेच शिवलं आहे, हे तेव्हा उघडकीला आलं. घरात चार माणसं, त्यातली तीन विमान चालवतात आणि चौथ्याला कपाट म्हणून सांगतात. ही त्या रात्री जेवली नाही. तिला कुणी काही बोललं नाही, तेच तिला लागलं असावं.

मी फर्मान काढलं. शेडला कुलूप, किल्ली माझ्याकडे. ढमीने वाद घातला नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "इंजिन बंद पडलं तेव्हा मी घाबरले नाही बाबा, हात आपोआप चालत होते. एकच मनात आलं, तुम्ही खाली उभे आहात आणि तुम्हाला आपण काहीच सांगितलं नाही." एवढं बोलून ती वर गेली. मी बराच वेळ बेसिनचा नळ सुरू ठेवून उभा होतो.

तर व्याहीबुवा, कळकळीची विनंती ही की आपण सासरे या नात्याने तिला एक कडक पत्र लिहावं आणि उड्डाण कायमचं बंद करायला सांगावं. माझ्याच्याने पुन्हा बोलवणार नाही. आपला शब्द ती मोडणार नाही.

आपला, अजून दातखिळीतून न सुटलेला,
व्याही

ता. क. पत्र कडक असावं, पण फार कडक नको. 'कायमचं' हा शब्दही टाळलात तरी चालेल. 'तूर्त' बरा वाटतो.

ता. क. २ कुलूप नीट लागलं आहे का हे बघायला मी काल शेडवर गेलो होतो. गेलोच आहे तर इंजिनाचा आ करून बघितला. वरची रिंग एका बाजूने झिजली आहे. (खालची उत्तम.) इकडे तसल्या रिंगा मिळत नाहीत, आपल्या गावी मिळतात असं ऐकतो. एक जोडी पाठवावी. स्वस्तातली नको. ब्रेक मी स्वतः उभा राहून परत बसवून घेतले आहेत, आणि हिने झबल्याला छिद्रासमोर काज केलं आहे. कडक पत्र रिंगांच्या नंतर पोचलं तरी हरकत नाही.

ता. क. ३ वरचा मजकूर हिने खांद्यावरून वाचला आणि म्हणाली, "रिंगांचं माप लिहू नका, विहीणबाईंना पाठ आहे." मी विचारलं, कोणत्या विहीणबाई? व्याहीबुवा, आपण खुर्चीतच आहात ना? मागे आमच्या विहीणबाई दाढ दाखवायला म्हणून आमच्याकडे चार दिवस राहून गेल्या. मला त्या दाढेत काही सापडलं नव्हतं, आणि मी उगाच स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होतो. त्या दोनदा वर जाऊन आल्या आहेत. दुसऱ्यांदा हट्टाने.