पहिल्याच हँडलला

भालकी,
ता. १९ मे १९५५

प्रिय बसवंत,

'प्रिय' लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आलो. आपल्याकडे बाप लेकाला 'चिरंजीव' लिहितो, खाली अनेक आशीर्वाद देतो आणि मोकळा होतो. पण चार वर्षांत ज्याने तुला एक ओळ लिहिली नाही, त्याने आशीर्वाद कुठल्या तोंडाने द्यायचे? म्हणून 'प्रिय'च राहू दे. तुझा सोलापूरचा पत्ता शरणम्मा आत्याने दिला. तू तिला आळंदला सणावाराला कार्ड टाकतोस हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिच्याकडे गेलो की कोनाड्यातलं कार्ड लांबून दिसायचं, अक्षर ओळखू यायचं, आणि मी पावसापाण्याच्या गप्पा मारून उठायचो. हात लांब करून घेतलं असतं तर ती काही नाही म्हणाली नसती.

घरचं सांगतो. घर आहे तसंच आहे, फक्त त्यात आवाज नाही. सकाळी मी चार भाकरी थापतो, त्यातल्या दोन बऱ्या होतात. शेंगाची चटणी शेजारच्या निलम्मा देतात. भाकरी फडक्यात बांधून स्टेशनवर जातो आणि लिंबाखाली आपली भाड्याची मोटार लावून तिच्यातच जेवतो. घरी जेवायला बसलं की समोर भिंत असते. इथे काचेतून येणारी-जाणारी माणसं तरी दिसतात. माणसं बघतात, रामराम करतात आणि टांग्यात बसतात. या वीरभद्रप्पाची मोटार वाटेत बसते, हे आता उदगीरपासून हुमनाबादपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. स्टेशनवर दिवसभर एकच चर्चा: आपला बीदर जिल्हा कर्नाटकात जाणार की मुंबईकडे. मला विचारतात, अप्पा तुमचं काय मत? मी म्हणतो, जिकडे न्याल तिकडे येतो, फक्त माझ्या गाडीतून नेऊ नका. हसतात. मीही हसतो. मग दुपारची आगगाडी निघून जाते, सगळे आपापल्या घरी जातात आणि मी तिथेच बसून राहतो.

ही गाडी तुझ्या देखतच घरात आली. पंधरा वर्षं मी जहागीरदारसाहेबांचा ड्रायव्हर होतो. जहागिरी गेल्या, साहेब मुलीकडे हैदराबादेला राहायला गेले आणि जाताना ही पस्तीस सालची मोटार माझ्या हवाली करून गेले. इंजिनाच्या आवाजावरून आपल्याला सगळं कळतं, असा माझा डौल होता. कुठला प्लग मेलाय ते मी बॉनेट न उघडता सांगायचो. चार माणसांनी मान डोलावली की दिवसभर मिशीतल्या मिशीत हसायचो. तुझी आई, आपल्या घरची अव्वा, म्हणायची, "गाडीचं येवढं कळतंय, मानसाचं कवा कळायचं?" मला ती थट्टा वाटायची.

त्या चैत्रातला तो दिवस तुझ्याइतका मला माहीत नाही, कारण मी तिथे नव्हतो. टायर आणायला हैदराबादला गेलो होतो. तिच्या पोटात सकाळपासून कळा, इथले डॉक्टर म्हणाले बीदरला न्या, पोट उघडावं लागेल. दुपारची आगगाडी निघून गेली होती. एकोणीस वर्षांचा तू, तू गाडी काढलीस. मागे माहेरी आलेल्या शरणम्माच्या मांडीवर अव्वाचं डोकं. तासा-सव्वा तासाचा रस्ता, त्याला पाच तास लागले. साहेबांकडे आलेली तार मिळताच निघून मी रात्री बीदरला उतरलो आणि दवाखान्यात आलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, फार उशीर झाला. तू म्हणालास, "अप्पा, धा-बारा डाव बंद पडली. आपल्याआपच सुरू व्हायली, आपल्याआपच बंद पडायली." मी अंगणात गेलो आणि हँडल मारलं. गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात तिला आपण त्याच गाडीतून घरी आणलं. गाडी वाटेत एकदाही अडली नाही.

अव्वाला समाधी देऊन आल्यावर आपल्या ओट्यावर माणसं बसली होती. मठाचे स्वामी होते, तुझे मेहकरचे मामा होते, निम्मी गल्ली होती. त्या सगळ्यांपुढे मी म्हणालो, "मोटार खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतंय. ह्यो भ्यालाय, ह्याच्या हातानं गाडी बसली." तू फक्त एवढंच म्हणालास, "खोटं कामून बोलू, अप्पा?" आणखी काही बोलशील म्हणून मी थांबलो होतो. तू मान खाली घातलीस. त्या खाली घातलेल्या मानेचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

आता जे लिहितो ते लिहायला चार वर्षं लागली. तू गेल्यावर पुढच्याच महिन्यात, हुमनाबादच्या रस्त्यावर, भर उन्हात, गाडी माझ्या हातात बंद पडली. आचका नाही, खोकला नाही, चालता चालता एकदम मुकी. अगदी तू सांगितलं होतंस तशी. मी मैलाच्या दगडावर बसलो. वीसेक मिनिटांनी उठून हँडल मारलं, सुरू झाली. बसवंत, त्याच दिवशी मला कळलं की तू खरं बोलत होतास. त्याच दिवशी पोस्टात जायला हवं होतं. मी मनाची समजूत घातली की आधी दोष सापडू दे, मग दोष नावासकट लिहून पाठवू. मला दोष सापडायचा नव्हता, मला माफी मागायची नव्हती. गाडीच्या आडून चार वर्षं काढली.

शोध मात्र खरोखर केला. पहिल्यांदा वाटलं, गरमीने पेट्रोलची वाफ होत असेल. पंपावर ओलं फडकं बांधलं, वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली, आणि मी खूश. फडकं नसतं तरी ती वीस मिनिटांनी सुरू झाली असती, हे कळायला सहा महिने लागले. मग टाकी धुतली, नळी फुंकली. मग प्लग नवे. मग ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. प्रत्येक वेळी घरी, सावलीत, गार इंजिनावर जाड वायर लोखंडाजवळ धरून ठिणगी बघायची. निळी, जोरदार ठिणगी. बीदरचे बंडेप्पा मिस्त्री सगळं तपासून म्हणाले, "येकच जागा ऱ्हायली. ह्या दोऱ्याखालची वायर बघू काय?" मी त्यांच्या अंगावर ओरडलो, "त्याला हात लावू नगा." ते बिचारे पाना ठेवून चहा प्यायला निघून गेले.

तो दोरा तुला माहीत आहे. गाडी घरात आल्यावरचा पहिला दसरा. खंडेपूजेला लोक चाकाखाली लिंबू ठेवतात, स्टिअरिंगला हार घालतात. तुझ्या अव्वाचं तेवढ्यावर भागेना. तिने हळदीत भिजवलेला दोरा आणि हळकुंड आणलं, म्हणाली, "नवऱ्या मुलाच्या मनगटाला बांधत्यात, तसं हिला बांधायचंय. हिचा जीव कुठं हाय त्ये दाखवा." आणि मी, चार बायका बघत होत्या म्हणून, बॉनेट उघडून बोटाने दाखवलं: कॉइलकडून येणारी ही बारकी वायर, ही तुटली की गाडी मेली. तिने तिथे हळकुंड बांधलं. ज्वारीची पोती बांधणारे हात ते, तीन गाठी, खच्चून. सहा महिन्यांनी ती गेली. तिच्या हातची गाठ म्हणून घरात तेवढी एकच राहिली. मी इंजिन पुसायचो तेव्हा तेवढी जागा सोडून पुसायचो. हात तिथवर जायचा आणि परत यायचा. मला वाटतं, मला कधीचंच माहीत होतं.

गेल्या महिन्यात ठरवलं की येणारा-जाणारा दोष घरी सावलीत सापडायचा नाही, तो आहे तेव्हाच धरायचा. बंडेप्पांकडून वायरीत वीज आहे का ते दाखवणारा, दोन तारा जोडलेला एक छोटा बल्ब घेतला आणि रोज भर दुपारी एकटाच बीदरच्या रस्त्याला जाऊ लागलो. पाच दिवस गाडी शहाण्यासारखी चालली. सहाव्या दिवशी लाल मातीच्या चढावर मुकी झाली. पळत जाऊन बॉनेट उघडलं. पॉइंट उघडे पडतील एवढंच हँडल फिरवलं आणि बल्ब लावला. कॉइलपाशी लागला. वायरच्या दुसऱ्या टोकाला लागला नाही. मधे वीतभर वायर, आणि त्यावर ती गाठ. मी रस्त्यात उभा राहून मोठ्याने रडलो. कुणी नव्हतंच ऐकायला. गाठ मी कापली नाही, नखांनी सोडवली. त्यात इंजिन गार होऊन गेलं. खाली वायरीवरचं कापड धड होतं, आतली तांब्याची तार हिरवी पडून तुटलेली. हळकुंडाच्या दाबाने ती तिथे वाकली होती आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी हळूहळू तुटली होती. गार असताना टोकाला टोक लागायचं, तापलं की सुटायचं. वायर बदलली, आणि सरळ आळंदला गेलो. इतक्या लांब गाडी एकदाही अडली नाही, त्याचं मला काहीच सुख झालं नाही.

शरणम्मापुढे मी ती तुटलेली वायर ठेवली. तिने ती हातात घेतली आणि म्हणाली, "अण्णा, आता तुझं तुलाच घावलंय म्हनून सांगायलेय. न्हाईतर मी मेले तरी बोलले नसते, बसवंतानं गळ्यातलं इष्टलिंग माझ्या हातात देऊन वचन घेतलंय." दुसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा तू बॉनेट उघडून हात नेमका तिथेच घातला होतास, असं तिने सांगितलं. दोरा तोडून वायर बघतो म्हणालास. मागच्या सीटवरून अव्वा म्हणाली, "त्ये तोडू नगो रे बाळा, तुझ्या अप्पानं जीव दाखवलाय तिथं." आणि तू हात काढून घेतलास.

म्हणजे ओट्यावर मी बोलत होतो तेव्हा तुला सगळं माहीत होतं. एका वाक्यात तू माझं तोंड बंद करू शकला असतास. पण तुझ्या आईनेच बांधलेल्या दोऱ्याने तिची वाट अडवली, हे स्वामींपुढे, मामांपुढे, गल्लीपुढे तुझ्या तोंडून निघालं नसतं. तू स्वतःला भित्रा म्हणवून घेतलंस आणि निघून गेलास. शरणम्मा म्हणते, तू गिरणीत गाठी बांधतोस, मोटारीला हात लावत नाहीस, तुझी कमलम्मा आता दिवसात आहे तरी तिला दवाखान्यात मोटारीने नेणार नाही म्हणतोस. म्हणून हे पत्र. दोष सापडला हे कळवायला नाही, तो तुला माझ्या आधी सापडला होता. जे ओझं तू एकट्याने धरून बसलायस, ते माझं आहे, मला परत दे. अव्वाला गाडीतलं काय कळत होतं? तिने विचारलं जीव कुठे आहे, आणि मी चार बायकांत मिरवायला बोट दाखवलं. तिने बांधलं, तू तिचं ऐकलंस. दोघांचं काही चुकलं नाही. या सोमवारी मी त्याच ओट्यावर त्याच माणसांना बोलावलं, मेहकरहून मामांनाही, आणि हे सगळं माझ्या तोंडाने सांगितलं. तू ये असं म्हणायचा मला हक्क नाही. पण सुनबाईला कळा सुरू झाल्या की मोटार बोलाव, बसवंत, आणि ड्रायव्हर नवखा वाटला तर त्याला बाजूला सरकवून तू चालव. तुझे हात खरे आहेत. मी चार वर्षं उशिरा सांगतोय, तरी ऐक.

तुझाच,
अप्पा