वाकळीतला चेंडू

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला अजून वरचा चेंडू टाकता येत नाही.

शाळेतल्या बाईंनी मला बेसबॉल शिकवला, पण सुट्टीत वसतिगृहातून घरी खजुरीला आले की माझा चेंडू झेलायला कुणी नसायचं. मग भाकरी उरकल्या की तू कडब्याच्या गंजीपुढं उकिडवी बसायचीस, हातात वाकळीची जाड घडी धरून. "ही कसली किरकेट म्हणायची, दांड्या न्हाईत, रन न्हाईत," म्हणत झेलायचीस आणि फेकता येत नाही म्हणून चेंडू मातीतून घरंगळत परत पाठवायचीस. तुझी एकच अट होती. "तोंडाकडं टाकू नको बाई. गाल सुजला तर लोकं तुझ्या अप्पालाच बोल लावतील." तू हसायचीस, मी मात्र ते मनावर घेतलं. तुझ्या गुडघ्यांच्या उंचीवरच टाकत राहिले.

त्याच खालच्या चेंडूनं मला भारताच्या संघात नेलं. भल्याभल्या फलंदाजांची तारांबळ उडायची. तोवर तू नव्हतीस, अप्पा तर तुझ्याही आधी गेलेले. संघाचा निळा शर्ट घालून आरशासमोर उभी राहिले आणि फोन करावा असं एकही माणूस आठवेना. फार एकटं वाटलं, माय.

पुढं फलंदाजांनी ओळखलं, की मी खालीच टाकते. प्रशिक्षक ओरडायचे, "छाती तक डालो, बेटी." पण फलंदाजाच्या छातीची उंची म्हणजे मागं उकिडवं बसलेल्या झेलणारीच्या तोंडाची उंची. परदेशातल्या एका सामन्यात बरोबरी झालेली असताना झेलणारीनं हातमोजा तोंडासमोर धरला. तिच्या तोंडावर लोखंडी जाळी होती, भिण्यासारखं काही नव्हतं. तरी माझा चेंडू खालीच गेला आणि समोरचीनं तो मैदानाबाहेर टोलवला. पुढच्या वर्षी संघात माझं नाव नव्हतं.

आता मैलूरला खोली घेऊन राहते, शाळेत पोरींना खेळ शिकवते. संध्याकाळी त्या घरी गेल्या की मी भिंतीवर चेंडू टाकत बसते. भिंत तो लगेच परत देते, बोलत काहीच नाही. परवा फाटक लावायला आलेल्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, समदे खालीच कामून टाकायलाव?"

"खांदा दुखायलाय, मावशी," म्हटलं.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून तुला सांगते. खांदा दुखत नाही. भिंतीवर तुझ्या तोंडाच्या उंचीला नुसता चुना आहे. तिथं चेंडू मारला तर तू तिथं बसलेली नाहीस हे मला मान्य करावं लागेल.