पुसलेला मामा

४ मार्च, पहाट
आजपासून रोज एक पूर्वज. पहाटे रंगवायचा, संध्याकाळी ऑफिसातून आलो की ओल्या स्पंजने पुसायचा. माणूस येतो, जातो. चित्रानेही तसंच करावं. कल्पना माझी स्वतःची. जुन्या कपाटाचं गुळगुळीत दार काढून बाल्कनीत टेकवलंय, पोस्टर कलर आणलेत. मोबाइलवर फोटोसुद्धा काढायचा नाही. फोटो म्हणजे मोह.
बायकोचं म्हणणं, दाराविना कपड्यांवर धूळ बसेल. थोर कामांची सुरुवात अशीच होते.

५ मार्च
उठायला उशीर. पहाट ही खरं तर मनाची अवस्था आहे.

६ मार्च
वडील. फोटो समोर ठेवून. नाकापर्यंत ठीक होते, पुढे बिनसलं. आईने विचारलं, हे आपले जुने पोस्टमन ना? वडील हयात असताना कुणाच्या हाती लागले नाहीत, ते माझ्या ब्रशच्या कुठून लागणार? पुसले. पुसणं मात्र उत्तम जमलं.

९ मार्च
मधे ऑडिट. अनित्यतेत खंड धरलेलाच असतो.
आजपासून फोटो नसलेलेच पूर्वज घेणार. साम्याची कटकट नाही. खापरपणजोबा केले. हिने विचारलं, त्यांना एकच कान होता का? शैली कशाशी खातात हे या घरात कुणाला ठाऊक नाही.

१२ मार्च
साहेबांना कल्पना ऐकवली. म्हणाले, पुसायचंच तर काढता कशाला? ऑफिसात कलेला वातावरण नाही.

१४ मार्च, सकाळ
पणजोबांचे थोरले भाऊ. घाईत उरकले. डोळे जरा तिरपे, ओठ हसू दाबल्यासारखे. साफ फसलं.

संध्याकाळ
घरी आलो तर आई खुर्ची ओढून त्या दारासमोर बसलेली. दुपारचं जेवलीही नव्हती म्हणे. सांगायला लागली, हा तिचा धाकटा भाऊ. हा मामा मी पाहिलेला नाही. माझ्या जन्माआधीच जहाजावर नोकरीला गेला तो परत आला नाही. फोटोही नाही. त्यांच्या घरचा एकुलता एक ग्रुप फोटो निघाला त्या दिवशी स्वारी रुसून माळ्यावर बसली होती.
आई म्हणाली, "आजचा दिवस राहू दे. उद्या पूस."
मी शांतपणे समजावलं. नियम एकदा मोडला की संपला. शिवाय तो मामा नव्हताच, पणजोबांचा भाऊ होता. तिच्या देखत पुसलं. आईने खुर्ची उचलून जागेवर नेऊन ठेवली. पटलं असावं.

१५ मार्च
ही बोलत नाही. आई बोलते, पण पाणी आलं, दूध उतू गेलं, एवढंच. बाल्कनीत फिरकत नाही. पटायला वेळ लागतो.

१६ मार्च
उपाय सोपा आहे. जो हात एकदा काढतो तो पुन्हा काढतो. मामा केला. आईने चष्मा पुसून पाहिलं. "नाही रे."

१९ मार्च
मामा. पुन्हा मामा. डोळे तिरपे केले की चोर वाटतो, सरळ केले की साहेब. ओठांवर हसू दाबलं की दाढ दुखत असल्यासारखा दिसतो. वैतागून आईला विचारलं, नाक तरी कसं होतं? म्हणाली, नाक काय, नाकासारखं. तो हसू दाबायला लागला की कळायचं, आता हा खोडी काढणार.
हे कुठल्या रंगात काढायचं?

२१ मार्च
ब्रशच हलका आहे. दुकानदाराने फसवलं.

२३ मार्च
रजा टाकली. दिवसभर मामा. जेवणाचं भान नाही. आई आली, बराच वेळ पाहिलं, म्हणाली, "हो. असाच होता."
जमलं! हा पुसणार नाही. कलावंताने नियमाचाही मोह धरू नये. लगेच हातोडी घेऊन विचारलं, तुझ्या खोलीत कुठे लावू? म्हणाली, माझ्या नको, तुमच्या खोलीत लाव. केवढं हे मन!

२४ मार्च
स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर आलं. ही विचारत होती, खरंच तसे दिसायचे का हो मामा? आई म्हणाली, छे गं, पण बिचाऱ्याचे किती हाल चालले होते. म्हटलं, हो म्हणावं, सुटेल तरी.
बिचारा म्हणजे मामा की मी, ते कळलं नाही.
आत गेलो. विचारलं, त्या दिवशीच्या चित्रात असं काय होतं?
"तो माझ्याकडे बघत होता," आई म्हणाली.
आणि नंतरचे?
"ते सगळे तुझ्याकडेच बघतात. बरा जमलोय का, म्हणून."

२५ मार्च
डोकं दुखतंय. हवेमुळे.

२९ मार्च
चित्रकला बंद. तात्पुरती. ही आजपासून बोलायला लागली. म्हणाली, हात रिकामेच आहेत तर बाथरूमच्या दाराला रंग द्या, केव्हाचे पोपडे निघालेत. दिला. ऑइल पेंट, फिकट करडा, दोन हात. कोपरेही नीट घेतले. आई हात पुसत आली, उभी राहून वरपासून खालपर्यंत पाहिलं.
म्हणाली, "छान झालंय. हे पुसू नकोस."